मंदाकिनी

डंडीला दर मंगळवारी, अकरा वाजता,
चर्चमागच्या हॉलमध्ये आठ खुर्च्या गोल मांडतात.
पायांचे रबरी बूच नीट बसलेत का
ते फर्गस काठीनं ठोकून बघतो.
हीटर बंद. जानेवारीतसुद्धा.
ऊब वाढली की आमच्यातल्या कुणाची नजर धुरकटते,
कुणाचे गुडघे ताकात बुडवल्यासारखे होतात.
मग आम्ही स्वेटर काढून बसतो
आणि शेजारच्या बॅडमिंटनवाल्या बायका
आम्हाला वेड्यात काढतात.

मोराग म्हणते, ताडासन.
बसून.
पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं.
कऱ्हाडच्या शाळेत पाध्येबाई
टाचा टेकवणाऱ्या मुलींना पट्टी दाखवायच्या,
आणि इथे ताडाचं झाड
मांडीवर गार पाण्याची बाटली घेऊन
खुर्चीत बसलंय.

टाच उचला. डावी उचलली.
उजवीला निरोप धाडला.
निरोप निघाला, कमरेपर्यंत पोचला,
पुढे कुठेतरी वायरचं आवरण कुरतडलंय.
स्कॅनवरचे पांढरे ठिपके डॉक्टरांनी दाखवले तेव्हा
मला वाटलं, कुणाच्या हातून रांगोळी सांडली.
एमएस, ते म्हणाले.
थांबते मी. सगळेच थांबतात.
आणि शेजाऱ्याकडे ठेवून गेलेल्या पार्सलसारखा
निरोप उशिरा मिळतो:
अंगठा हलतो.
मी हलवला की तो हलला, विचारू नका.

धाकटी बहीण फोनवर म्हणते,
"संध्याकाळी जरा पाय मोकळे करून येत जा गं."
मोकळेच आहेत बाई. जरा जास्तच मोकळे.
त्यांना बांधायला मी इथे येते.

सूर्यनमस्कार आम्ही घालत नाही.
सूर्यही इथे फारसा आग्रह करत नाही.
मान खाली घातली की मणक्यातून सरळ टाचेपर्यंत
झणकन करंट जातो,
म्हणून माझा नमस्कार ताठ मानेचा.
पाडव्याला सासूबाईंना व्हिडिओवर तसाच केला.
हिला शिंगं फुटली, असं त्यांना वाटलं असेल.
असो. फुटू देत.

आयोना सव्वीस वर्षांची.
तिचा मुलगा दीड वर्षाचा.
दोघं सध्या एकाच सोफ्याला धरून चालतात.

"थकायच्या आधी थांबा," मोराग सांगते.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली.
आमच्याकडे थकल्यावर थांबतात,
तेही पोळ्या लाटून झाल्यावर.
आता सकाळी मुठीत सुटे पैसे घेऊन उठते.
केस धुतले तर बाजार राहतो,
बाजार केला तर जिना राहतो.
मोराग मला 'मँडी' म्हणते
ते म्हणूनच कधी दुरुस्त केलं नव्हतं.
चार अक्षरं. परवडत नव्हती.

शेवटी डोळे मिटायचे.
मिटले की पाय कुठे ठेवलेत तेच कळत नाही,
म्हणून मी एक डोळा उघडा ठेवते,
दुधावर ठेवावा तसा.
खिडकीतून टे नदी दिसते.
भरती आहे की ओहोटी, ठरवता येत नाही
इतकी सावकाश.

आज काय झालं कुणास ठाऊक.
म्हटलं, "मोराग, मँडी नव्हे. मंदाकिनी."
तिनं तीनदा प्रयत्न केला,
'दा'वर दर वेळी ठेचकाळली.
फर्गसनं अर्थ विचारला.
नदी, मी म्हटलं. हळू जाणारी.
तो काठीवर हनुवटी टेकवून जरा वेळ बसला,
मग म्हणाला,
"तर मग दर मंगळवारी
उशीर झाला म्हणून माफी कशाची मागतेस?"

मी उत्तर शोधत होते,
आणि उजव्या बुटाचा पट्टा.
पट्टा सापडला.